तिथीची दिवाळी, शनिवारची दिवाळी

२०२२ सालच्या नोव्हेंबरात आमच्या मुलीच्या किंडरगार्टनमध्ये, दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात, भिंतीवर वर्षाचे एक मोठे कागदी चक्र लावले होते. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरचा मोठा सण त्या चक्रावर त्याच्या महिन्यात चिकटवायचा, असा तिथल्या बाईंचा बेत होता. कुणाची ईद, कुणाचा ईस्टर आधीच चिकटवून झाला होता. आमच्या साडेचार वर्षांच्या लेकीला त्यांनी विचारले, तुमची दिवाळी केव्हा असते? ती म्हणाली, मोठा हॉल मिळाला की असते. संध्याकाळी तिला घ्यायला गेले तेव्हा बाईंनी हे मला अगदी सहज सांगितले आणि चक्रासाठी नक्की तारीख विचारली.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, सोमवारी होते. आम्ही दोघेही त्या दिवशी कामावर होतो. रात्री घाईघाईने देवाजवळ निरांजन लावले तेव्हा मुलगी झोपली होती. मग १२ नोव्हेंबरला, शनिवारी, मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे नटूनथटून गेलो आणि तिथे आमची दिवाळी झाली. मुलीने बाईंना सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते. तिच्या चार वर्षांच्या आयुष्यात दिवाळी म्हणजे भाड्याची खोली, मोठ्या आवाजाचा माइक आणि कागदी ताटलीतला फराळ, एवढेच आले होते, आणि ते हॉल मिळाल्यावरच येत होते.

त्या संध्याकाळपासून या विषयावर माझे मत पक्के होत गेले आहे. परदेशात लहान मुले घेऊन राहणाऱ्या मराठी घरांनी सण त्याच्या तिथीला, आपल्या घरात आणि मुलांच्या हातून साजरा करावा. तो कितीही लहान झाला तरी चालेल. मंडळाचा कार्यक्रम त्यानंतर, त्याला जोडून यावा, त्याच्या जागी नव्हे. हा केवळ आमच्या घरातला प्रश्न असता तर तो लिहून काढण्याचे कारण नव्हते. पण परदेशातल्या बहुतेक मराठी मंडळांनी सण शनिवार-रविवारवर ढकलण्याची पद्धत एव्हाना इतकी रुजवली आहे, की तिथे वाढणाऱ्या मुलांसाठी सणाचा दिवस नावाची गोष्टच पुसट होत चालली आहे, आणि याचा विचार मंडळांनी, पालकांनी आणि भारतात राहणाऱ्या आजी-आजोबांनीही मिळून करायला हवा.

मंडळांविषयी कृतज्ञता बाळगूनच मी हे लिहीत आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. ज्यांनी ही मंडळे उभी केली त्यांच्या काळात परगावी मराठी बोलायला माणूस मिळणे हीच मोठी गोष्ट होती, आणि दूरदूरची घरे एकत्र यायची तर सुट्टीचाच दिवस हवा होता. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत कुणी तरी हातात आरतीचे ताट दिले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे मी विसरलेले नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा घरचे गणपती बंद झाले नाहीत. आजही पुण्यात, कोकणात, नागपुरात चतुर्थीच्या सकाळी घरच्या मूर्तीची प्रतिष्ठापना होते आणि मंडळाचा गणपती त्याच दिवशी मांडवात बसतो. घरचा सण हे मूळ आणि मांडव ही त्याची फांदी, असे ते नाते होते. परदेशात आपण फांदी तेवढी आणली. मूळ बरेचदा विमानतळावरच राहिले.

मंडळाच्या कार्यक्रमात लहान मुलाच्या वाट्याला काय येते, हे एकदा खाली त्याच्या उंचीवर बसून पाहावे. दुपारी तीनला कार्यक्रम सुरू होतो. दीपप्रज्वलन होते, ते पाहुण्यांच्या हस्ते. मग स्वागत, मनोगते, मोठ्यांची नृत्ये, मोठ्यांची नाटुकली. पाच-सहा वर्षांपर्यंतची मुले पहिल्या अर्ध्या तासात कंटाळतात आणि उरलेला वेळ बाहेरच्या बोळात धावत असतात किंवा कुणाच्या तरी फोनमध्ये डोके खुपसून बसतात. ज्यांना रंगमंचावर चढवले जाते त्यांनी महिनाभर एक नाच बसवलेला असतो, तो तीन मिनिटांत होतो. दिवे लावणे, रांगोळीत रंग भरणे, पिठात हात घालणे, देवाला फूल वाहणे, ही जी खरी मुलांची कामे, त्यांतले एकही तिथे त्यांच्या हाती येत नाही. ती प्रेक्षक असतात, आणि लहान मूल हा फार वाईट प्रेक्षक असतो. ते काम करणारे प्राणी आहे. त्याला हातात काही दिल्याशिवाय त्याच्या मनात काही राहत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, तिथी तर नाहीच. त्याला सण कळतो तो खुणांनी. आई अंधारात उठवते, उटण्याचा वास येतो, दारात काही तरी काढलेले असते, नेहमीचा डबा नसतो, बाबा कामावर उशिरा जातात. महाराष्ट्रात या खुणा एकट्या आईबापांना निर्माण कराव्या लागत नाहीत. शेजारच्या घरातून चकलीचा वास येतो, समोरच्या इमारतीवर कंदील लागतात, वाड्यातली किंवा सोसायटीतली मोठी मुले मातीचा किल्ला करत असतात, दुकानदार रस्त्यापर्यंत पणत्यांचे ढीग मांडतो. एखाद्या घरात आईबाप अगदीच उदासीन असले तरी गल्ली त्या मुलाला दिवाळी देते. इथे गल्ली काही देत नाही. २४ ऑक्टोबरचा सोमवार इथे निव्वळ सोमवार असतो. म्हणून भारतात जे घराबाहेर आपोआप घडते तेही इथे घराच्या चार भिंतींत घडवावे लागते, आणि त्या दिवशी ते घडले नाही तर ते मुलासाठी कुठेच घडत नाही. तीन आठवड्यांनी हॉलमध्ये भरलेला मेळावा सुंदर असेल, पण पहाटेचा अंधार, थंडी आणि तेलाचा स्पर्श यांच्याशी त्याची गाठ पडत नाही.

या बाबतीत मला कोकणातल्या बेने इस्रायली लोकांचे उदाहरण फार मोलाचे वाटते. आपण मराठी माणसे परदेशात अल्पसंख्य होऊन राहण्याचा विचार करतो, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर अल्पसंख्य होऊन राहिलेले हे मराठी बोलणारे ज्यू आपल्याला आठवत नाहीत. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात, आजच्या रायगड जिल्ह्यात, ते कित्येक पिढ्या तेलाच्या घाण्यावर काम करत राहिले. आसपासची वस्ती त्यांना शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गावाचा बाजार, गिऱ्हाईक, सगळ्यांची सोय दुसऱ्या दिवसाची असताना त्यांनी आपला विश्रांतीचा दिवस सोयीच्या दिवशी हलवला नाही, आणि त्या एका दिवसावरून सगळा गाव त्यांना ओळखू लागला. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७९६ साली. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांकडे ना देऊळ होते, ना कुणी शिकवणारा, ना पोथ्या. त्यांच्याकडे घर होते, स्वयंपाकघर होते आणि ठरलेला दिवस होता.

आणि त्यांनी सणांना दिलेली नावे पाहावीत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन त्यांच्यात बिरड्याचा सण झाला, कारण त्या दिवशी सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे होई. एक सण खिरीचा सण म्हणून ओळखला गेला. पुरीम हा ज्यूंचा सण होळीच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण झाला. हिब्रू नावे विसरली गेली, अर्थही पुष्कळसा विसरला गेला असेल, तरी दिवस चुकला नाही आणि चुलीवरचा पदार्थ चुकला नाही. पुढे बाहेरच्या ज्यूंशी त्यांचा संबंध आला, तेव्हा याच दोन खुणांवरून त्यांची ओळख पटायला मदत झाली. लहान मुलाच्या बाबतीत मी हाच क्रम मानते. अर्थ पुढे सांगता येतो. नरकासुराची गोष्ट सहाव्या वर्षी सांगितली काय आणि नवव्या वर्षी सांगितली काय, फारसे बिघडत नाही. दिवस आणि चव मात्र आधी लागते.

मॉरिशसचे उदाहरणही याच वाटेने जाते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या लोकांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या आजच्या पिढीत घरची रोजची भाषा बहुतांशी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, झाली आहे. मराठी मुख्यतः शाळेत, प्रार्थनेत आणि गाण्यांत भेटते. तरीही गणपती घरोघर येतो, आणि मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आहे. ही सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि तिथली सुट्टी २८ ऑगस्टला. त्या देशाच्या सरकारी कॅलेंडरात कोकणातला दीड दिवसाचा घरगुती गणपती जसाच्या तसा उमटला आहे. मळ्यावर राबणाऱ्या, रजेचा हक्क नसलेल्या माणसांनी सण आपल्या दिवशी धरून ठेवला, म्हणून पुढे देशाला त्या दिवशी सुट्टी द्यावीशी वाटली. त्यांनी तो रविवारी साजरा केला असता तर सुट्टी कुणी कशासाठी मागितली असती?

आता सुट्टीचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेत जे घडत आहे त्याकडेही पाहू. न्यू यॉर्क राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात कायदा करून न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी दिली. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या सणांच्या यादीत स्थान दिले. यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे, कारण सणासाठी शाळा बुडवावी लागणारे मूल आणि सणासाठी शाळाच बंद असलेले मूल यांच्या मनात आपल्या घराविषयी वेगवेगळे भाव रुजतात. परंतु कायद्याने दिवस मिळतो, सण मिळत नाही. सुट्टी मिळाली आणि त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सगळे झोपले, दुपारी खरेदीला गेले आणि दिवाळी पुढच्या शनिवारच्या हॉलवर ठेवली, तर त्या कायद्याचा मुलाला उपयोग काय?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अभ्यासू माणसे घेतात म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. तिथीचा आग्रह हा कर्मठपणा आहे, असे ते म्हणतात; शिवाय परदेशात तिथी मुळी कोणती धरायची हेच ठरत नाही. २०२४ चे उदाहरण यासाठी हमखास दिले जाते. त्या वर्षी अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ऑक्टोबरला दुपारी सुरू होऊन १ नोव्हेंबरला संध्याकाळी सहानंतर संपली, म्हणून महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले. युरोपात आणि अमेरिकेत मात्र १ नोव्हेंबरची संध्याकाळ होण्याच्या खूप आधी अमावास्या संपत होती, त्यामुळे तिथल्या सूर्यास्ताचा हिशोब केला तर पूजन ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी येत होते. न्यू यॉर्कच्या शाळांना पहिल्यांदा मिळालेली दिवाळीची सुट्टी १ नोव्हेंबरची होती. म्हणजे तिथल्या मुलांना पूजनाच्या दिवशी शाळा होती आणि संध्याकाळी हॅलोवीन होता, आणि सुट्टी मिळाली ती दुसऱ्या दिवशी.

माझे उत्तर असे आहे की हा मतभेद सणाच्या आतला आहे. ३१ तारीख धरा की १ तारीख धरा, दोन्हींच्या मागे चंद्र आहे, सूर्य आहे, कुणा तरी आजोबांनी उघडलेले पंचांग आहे. आमच्या घरी त्या वर्षी पुण्याहून सासऱ्यांनी १ तारीख सांगितली, आम्ही इथला सूर्यास्त पाहून ३१ तारीख धरली, आणि दोन्ही संध्याकाळी पणत्या लावल्या. दोन्हीकडचा चंद्र वेगळा आहे का, या मुलीच्या प्रश्नावरून आजोबांनी फोनवर संत्रे आणि बॅटरी घेऊन तिला पृथ्वी फिरवून दाखवली. हॉलची उपलब्धता हे कारण मात्र सणाच्या बाहेरचे आहे. ते मुलाला सांगता येते, पण त्यातून त्याला काही मिळत नाही. मी कर्मठ नाही. आमच्या घरी सोवळे-ओवळे नाही आणि पूजेचा मुहूर्त मिनिटांत मोजला जात नाही. माझा आग्रह दिवसासाठी आहे, कारण दिवस हीच मुलाच्या स्मरणाची खुंटी आहे, आणि आजी-आजोबा, आत्या, मामा, मावश्या हजारो किलोमीटरवर त्याच दिवशी तेच करत असतात, हे त्याला त्या खुंटीमुळेच कळते. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत इथला आणि भारतातला वेळ साडेतीन तासांनी वेगळा असतो, नंतर साडेचार. आमच्याकडे सकाळी सातला आरती झाली तर पुण्यात साडेदहा वाजलेले असतात आणि तिकडची आरती सुरू व्हायची असते. दोन्हीकडच्या टाळ्या फोनमधून मागेपुढे होतात. मुलांना त्यातही आनंद असतो. हेच जर तीन आठवड्यांनी शनिवारी केले तर पुण्याच्या घरात कंदील उतरवून माळ्यावर गेलेला असतो.

दुसरा आक्षेप पालकांच्या दमणुकीचा आहे आणि तो मला अधिक खरा वाटतो, कारण ती दमणूक बहुतेक ठिकाणी आईच्या वाट्याला येते. भारतात फराळ एकट्या बाईने कधीच केला नाही. आजी पाक बघायची, काकू चकल्या पाडायची, शेजारीण अनारशाचे पीठ द्यायची, आणि आता बरेचसे विकतही मिळते. इथे दिवसभर नोकरी करून रात्री दहा वाजता एकटी बाई करंज्या लाटायला बसते, कारण आपल्या मुलांना सगळे मिळाले पाहिजे. चौथ्या दिवशी ती चिडलेली असते आणि मुलांना दिवाळीत आठवते ती आईची चिडचिड. मी हे स्वतः केले आहे. सण तिथीला करायचा म्हणजे पुण्याची सगळी दिवाळी इथे उभी करायची, असा अर्थ मी कदापि घेत नाही. उलट घरचा सण लहान केल्यावाचून तो तिथीला पेलवत नाही. आमच्याकडे आता एका दिवाळीला एकच पदार्थ घरी होतो आणि तो मुलांबरोबर होतो. गेली दोन वर्षे शंकरपाळे आहेत, कारण पाच वर्षांच्या मुलाला कातण चालवता येते. त्याचे शंकरपाळे चौकोनी कधीच होत नाहीत. काही त्रिकोणी, काही सापासारखे. तळण्याचे काम बाबांचे. उरलेले सगळे विकत आणतो किंवा आणत नाही.

अभ्यंगस्नानाविषयी लोकांचा गैरसमज असतो की लहान मुलांना घेऊन सूर्योदयाच्या आत हे जमणार कसे. इथे तर ते भारतापेक्षा सोपे आहे. २०२५ मध्ये नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला, सोमवारी होती आणि त्या दिवशी आमच्याकडे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवला. साडेसहाला उठवले, तेल लावले, उटणे लावून अंघोळी घातल्या, ओवाळले, चिवडा खाल्ला, तरी बाहेर सूर्य उगवला नव्हता, आणि आठला मुले शाळेत होती. सगळा मिळून एक तास लागला. पहाटेचा अंधार, जो मुंबईत अलार्म लावून पकडावा लागतो, तो उत्तरेकडच्या देशांत आपसूक मिळतो. तिळगुळाचेही तसेच आहे. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून तीळ आणि गूळ, हे मी मुंबईत लहानपणी पाठ केले होते. त्याचा अर्थ मला उणे सहा अंशांत, बर्फात शाळेला निघालेल्या मुलीच्या तोंडात वडी घालताना कळला.

किल्ल्याविषयी मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण लहान मुलांच्या दिवाळीचे ते मला सर्वांत मोठे दालन वाटते आणि परदेशात तेच सगळ्यांत आधी गळून पडते. अंगण नाही, माती नाही, घरमालक काय म्हणेल, ही कारणे असतात. आम्ही बाल्कनीत रोपांखाली ठेवायचा मोठा प्लास्टिकचा तसराळा घेतला, बागकामाच्या दुकानातून मातीची एक पिशवी आणली, जुने खोके चुरगळून त्याचा डोंगर केला आणि वर ओली माती थापली. हिरवळीसाठी आमच्या लहानपणी किल्ल्यावर मोहरी किंवा हळीव पेरत. हळीव इथे कुठून आणणार, या विचारात मी होते आणि मुलीने शाळेतून आणलेली क्रेसेची पुडी माझ्यासमोर धरली. ईस्टरच्या वेळी इथल्या बालवाड्यांतून मुले कापसावर जी क्रेसे उगवतात ती आणि आपले हळीव ही एकच वनस्पती आहे. माझ्या सासूबाई बाळंतिणीला ज्याचे लाडू करून घालतात त्याच बियांचे कोवळे हिरवे कोंब इथे किराणा दुकानात पाव-लोण्यावर घालायला मिळतात. मुलीला ते रुजवण्याचे काम माझ्यापेक्षा चांगले येत होते, कारण तिला ते किंडरगार्टनमध्ये शिकवले होते. पाचव्या दिवशी डोंगर हिरवा झाला.

गेल्या वर्षी तिने राजगड केला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि १ तमिळनाडूतला जिंजी; ती बातमी आजोबांनी तिला फोनवर सांगितली होती आणि बारांपैकी एक निवड म्हणाले होते. राजगडाच्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, मध्ये बालेकिल्ला, हे तिने फोटो पाहून मातीत काढले. संजीवनी माची वारंवार ढासळत होती, तेव्हा धाकट्याने तिला आइस्क्रीमच्या काड्यांचा टेकू दिला. मावळे पुण्याहून आलेले होते, ते कमी पडले म्हणून त्याचे प्लास्टिकचे युरोपियन शिलेदारही तटावर उभे राहिले. समोरच्या घरातली जर्मन आजी दोन दिवस बाल्कनीतून बघत होती, तिसऱ्या दिवशी ती काय चालले आहे हे विचारायला आली आणि मुलीने तिला जर्मनमध्ये शिवाजी महाराजांविषयी वीस मिनिटे सांगितले. मंडळाच्या कोणत्याही रंगमंचावर तिने इतके बोलले नसते.

इथल्या सणांविषयी पालकांच्या मनात एक भीती असते. नाताळ, निकोलाउस, ईस्टर हे सगळे इतके देखणे आणि इतके सर्वत्र आहे, की आपले सण त्यापुढे फिके पडतील. काही घरे म्हणून नाताळ टाळतात, काही घरे दिवाळीत नाताळाइतक्या भेटवस्तू देऊन बरोबरी करू पाहतात. मला दोन्ही पटत नाही. मुलाच्या मनात सणांची जागा मोजून ठेवलेली नसते. उलट जर्मन घरांकडून आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इथला नाताळ डिसेंबरच्या पहिल्या दिवसापासून घरात असतो. मुलांच्या कॅलेंडरात चोवीस खिडक्या असतात आणि रोज एक उघडायची असते. सणाची वाट पाहणे हा सणाचाच भाग आहे, हे ते मुलाला रोज सकाळी हातात देतात. आपल्याकडे किल्ला, कंदील आणि फराळ हेच काम करत असत.

२०२३ मध्ये सांक्ट मार्टिन ११ नोव्हेंबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, असे लागून आले. सांक्ट मार्टिनला इथली मुले स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणाऱ्या संताची ती आठवण असते. मिरवणुकीहून आल्यावर मुलीने आपला कोल्ह्याच्या आकाराचा कंदील बाल्कनीतल्या आकाशकंदिलाशेजारी टांगला आणि दिवाळी संपेपर्यंत उतरवू दिला नाही. तेव्हापासून आमच्याकडे दोन कंदील असतात. आकाशकंदिलाचे त्यामुळे काही कमी झाले असे मला वाटलेले नाही.

मग मंडळांनी काय करावे? माझी सूचना अशी आहे की त्यांनी सणाच्या आधीच्या शनिवारी मुलांना बोलवावे, नंतरच्या शनिवारी नव्हे. मेळावा सणानंतर करायचा असेल तर खुशाल करावा, मोठ्यांनाही भेटायचे असते. पण आधीच्या शनिवारी शाडूची माती द्यावी आणि मुलांना स्वतःच्या हाताने वेडावाकडा गणपती करून घरी नेऊ द्यावा. चतुर्थीला तोच बसवावा आणि दीड दिवसाने बादलीत विसर्जन करून ती माती कुंडीत घालावी. दिवाळीआधी कंदिलाचे कागद, बांबूच्या काड्या आणि खळ द्यावी. ज्यांना उटणे मिळत नाही त्यांना पुडी द्यावी. नव्याने आलेल्या कुटुंबांना, ज्यांच्या घरी पूजा सांगायला कुणी नाही, त्यांना त्या संध्याकाळी आपल्या घरी बोलावणारी चार घरे यादीत लिहून ठेवावीत. आमच्या मंडळात ही सूचना मी मांडली तेव्हा एवढे स्वयंसेवक कुठून आणायचे, असे विचारले गेले. आहेत ते स्वयंसेवक आज ध्वनियंत्रणा, जेवणाचे कंत्राट आणि मंचसज्जा यांत दोन महिने खपतात. त्यांतले दोन जण मातीसाठी मिळावेत, एवढेच मागणे आहे.

पालकांनीही शाळेला विचारायची भीड सोडावी. आमच्या मुलीच्या शाळेत आम्ही तीन आठवडे आधी लेखी अर्ज केला, सणाचे नाव, तारीख आणि घरी काय असते हे चार ओळींत लिहिले, आणि एक दिवसाची रजा मिळाली. वर्गशिक्षिकेने दुसऱ्या दिवशी तिला वर्गापुढे सांगायला लावले. ज्या घरांनी कधी अर्जच केला नाही त्यांच्या सणाला शाळेने स्वतःहून सुट्टी द्यावी, ही अपेक्षा बरोबर नाही. रजा नाकारली गेली तरीही संध्याकाळ आपलीच असते.

या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ नोव्हेंबरला येतात आणि तो रविवार आहे, तेव्हा सबब सांगायला जागाच नाही. भाऊबीज ११ नोव्हेंबरला, बुधवारी, नेमकी सांक्ट मार्टिनच्या दिवशी येते. मिरवणूक अंधार पडल्यावर निघते आणि तासाभरात संपते. ओवाळायचे मिरवणुकीच्या आधी की नंतर यावर आमच्या घरी आत्तापासून चर्चा चालू आहे. धाकट्याचे म्हणणे आहे की मिरवणुकीहून आल्यावर दारातच ओवाळावे, कंदील हातात असतानाच, आणि पाट दाराशी नेऊन ठेवण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.